गेर्डाच्या तव्यातले बटाटे

“माझ्या गेर्डासारखे बटाटे परतणारा अजून जन्मायचाय!” शेजारचा म्हातारा हाइनर म्हणाला.

“लागली पैज!” डेटलेफने डोळा मारला. “हरणाऱ्याने शनिवारी तिचा फुलाफुलांचा एप्रन घालून गल्लीसमोर फुटपाथ झाडायचा.”

“ये लेका. तिच्या हातची चव विसरत चाललोय मी. फक्त कांदा तेवढा आण. ती गेल्यापासून माझ्या घरात कांदा नाही.”

डेटलेफने जाकिटाच्या खिशात एक कांदा टाकला आणि हाइनरचं स्वयंपाकघर गाठलं. गेर्डाच्या लोखंडी तव्यात त्याने आदल्या दिवशीचे उकडलेले बटाटे परतायला घेतले. तोंडाची टकळी शेवटपर्यंत चालूच होती.

पहिल्याच घासाला हाइनरने काटा खाली ठेवला. डोळे भरून आले होते.

“हरलो रे, गाढवा. कांदासुद्धा तिच्यासारखाच, कडेने जरासा करपवलेला.”

शनिवारी म्हातारा खरंच एप्रन घालून झाडू लागला. अख्खी गल्ली शिट्ट्या मारत होती. हसून हसून डेटलेफच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याने रुमालासाठी जाकिटाच्या खिशात हात घातला.

 

कांदा तिथेच होता. सालीसकट.