माळ्यावरची खोली

“बॅग उघडू नकोस,” अमिल्कार दाराला टेकून म्हणाला. “शुक्रवारी परत भरायचा ताप.”

इलिन्काने त्याच्या डोळ्यांदेखत बॅग उघडली. स्वेटर कपाटात गेले, पुस्तकं खिडकीत, आईने दिलेली आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी टेबलावर.

“मी राहायला आलेय,” ती म्हणाली. तिचं पोर्तुगीज मोडकंतोडकं होतं, पण हे वाक्य तिने विमानात पाठ केलं होतं.

रोमानियातल्या याशहून ती एका सत्रासाठी पोर्तुगालमधल्या कोइंब्राला शिकायला आली होती. विद्यापीठाचं वसतिगृह भरलेलं, गावातल्या खोल्या उन्हाळ्यातच गेलेल्या. उरली होती ती या जुन्या विद्यार्थीघरातली माळ्यावरची एक खोली. अशा घरांना ना मालक, ना वॉर्डन. राहणारी मुलंच घर चालवतात. नवं माणूस आठवडाभर ठेवून बघतात, आणि शुक्रवारच्या जेवणाला घरातला एकेक जण हो किंवा नाही म्हणतो. एक जरी ‘नाही’ आलं की खेळ खलास. तोवर त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, असा रिवाज. खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर नावनोंदणी नाही. मग सरळ याशची परतीची वाट. घरी थोरला भाऊ हसायला टपलेलाच होता.

याशच्या वसतिगृहात दर मजल्याला एक मुकादम असतो, विद्यार्थ्यांतलाच. त्याची मर्जी सांभाळली की निम्मी लढाई जिंकली. इलिन्काने पहिल्या संध्याकाळीच इथला मुकादम हेरला. बेनेडिता चणीने एवढीशी, सदा वैद्यकाच्या पुस्तकात नाक खुपसलेली. तोमे आणि त्याची बहीण झुल्मिरा म्हणजे नुसता हसण्याखिदळण्याचा कारभार. “तू माळ्यावरच गादी टाक, कोच आधीच गेलाय,” एवढं सांगून तोमे पसार झाला होता. राहिला अमिल्कार. दाढी, खांद्यावर विद्यापीठाचा काळा झगा, जेवायला टेबलाच्या टोकाची खुर्ची. बैठकीतला कोच त्याच्या एकट्याचा, रात्री झोपायचाही तिथेच. मुकादमाचा रुबाब कुठे लपतो होय?

आणि हाच बाबा तिच्यावर खार खाऊन होता.

“नदीपलीकडे बघ ना एखादी खोली,” मंगळवारी तो म्हणाला. बाकीची मंडळी कॉलेजात होती. “तिकडे ऊन चांगलं येतं.”

“मला ऊन नकोय. खोली हवीय.”

“बाहेरून येता आणि आयत्या बिळावर नागोबा होता. बरं, राहायचंच असेल तर जिना घास. खालपासून वरपर्यंत.”

तिने जिना घासला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फरशा. त्याच्या पुढ्यातली ताटं तर रोजचीच. संताप यायचा, अगदी डोळ्यांत पाणी यायचं, पण ती मनाशी म्हणायची, हा दमेल, मी नाही दमणार.

गुरुवारी गॅस संपला. अमिल्कारने कोचावर पाय पसरले. “टाकी खालच्या दुकानात मिळते. इथे उमेदवारच आणतात.”

टेकडीवरचं गाव ते. रस्ता कसला, उभी भिंतच. इलिन्का चार पावलं चढायची, टाकी टेकवायची, पुन्हा उचलायची. एका म्हातारीने खिडकीतून विचारलं, “पोरी, तुमच्या घरात पुरुषमाणूस नाही का?”

“आहे,” इलिन्का धापा टाकत म्हणाली. “तो दार उघडतो.”

दार त्याने खरंच उघडलं. “लवकर आलीस,” एवढंच म्हणाला, पण चेहरा पडला होता.

संध्याकाळी बेनेडिताने तिचे सोललेले तळहात पाहिले. “हे काय गं? कुणी सांगितलं होतं तुला?”

चहाड्या करणाऱ्यांतली इलिन्का नव्हती. शिवाय मुकादमाची तक्रार म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. “काही नाही,” ती म्हणाली. “मला हालचाल लागते. बसून करमत नाही.”

बेनेडिताने तिच्याकडे नीट पाहिलं, मलम आणून दिलं आणि पुन्हा पुस्तकात बुडाली.

शुक्रवारी इलिन्काने स्वतःच सूप रांधलं, हिरव्या पाल्याचं, बटाटे घोटून, वर लाल सॉसेजच्या चकत्या. कृती दुकानदारणीकडून शिकून आली होती. सगळे जेवायला बसले.

“चला, उरकून टाकू,” तोमे म्हणाला. “इलिन्कासाठी माझं हो.”

“माझंही,” झुल्मिरा म्हणाली.

“हो,” बेनेडिता म्हणाली.

अमिल्कार सुपात चमचा फिरवत होता. मान वर नाही, शब्द नाही. आठवडाभराचा घाम याच्या एका शब्दावर पाण्यात जाणार, हे इलिन्काला दिसत होतं. ती उठून उभी राहिली.

“तुम्ही गप्प का? नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. पण कारण सांगा. मी कुठे कमी पडले ते सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

तोमेला ठसका लागला. “तुम्ही? हा ‘तुम्ही’ कधीपासून झाला?”

अमिल्कारचे कान लालबुंद झाले होते.

“त्याला काय विचारतेस?” बेनेडिताने चमचा खाली ठेवला. “त्याचं मत कुठून येणार? तोही याच खोलीसाठी आलाय, तुझ्या आदल्या दिवशी. खोली एक आणि तुम्ही दोघं.” मग ती त्याच्याकडे वळली. “वाईट वाटून घेऊ नकोस, अमिल्कार. पण आठवडाभरात तू साधी बशी विसळली नाहीस, आणि या पोरीने सगळं घर घासून काढलं, टाकी वाहून आणली, तेही कुणी न सांगता.”