व्याहीभेट

हलगी कडाडत होती आणि केरबाला आता व्याह्याला मिठी मारायची होती.

कळंब्याच्या मारुतीसमोर दोन्हीकडची माणसं गोळा झाली होती. समोर मुरगूडचे जोतीराम, नवऱ्या मुलाचे वडील. दारातून अंग तिरकं करून शिरावं असा गडी. व्याह्याला उचलून गरागरा फिरवतात, अशी त्यांची ख्याती. केरबाच्या बायकोनं, बयाबाईनं, पदराआड हात जोडले. शुक्रवारचा उपास, पोटात अन्नाचा कण नव्हता.

पावसाळ्यात केरबाच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, आग मात्र गेली नाही. सदरा घासला तरी निखारा ठेवल्यागत व्हायचं. गेरूचे लेप झाले, उतारे झाले. शेवटी डॉक्टरांनी नस शांत करणारी गोळी दिली. तिनं जरा डोळा लागू लागला, तोच शेजारच्या अंबूबाईनं पाकीट ओळखलं.

"अगं बया, ही तर फेफऱ्याची गोळी! माझ्या भावाला हीच हाय की!"

"ह्यास्नी फेफरं न्हाय वो, आक्का. नागिणीच्या कळंवरबी चालती म्हणालं डॉक्टर."

"मला सांगून काय उपेग? मुरगूडकरास्नी पटंल व्हय?"

तेव्हापासून गोळी चोरून. फेफऱ्याचं नाव निघालं असतं, तर लेकीचं, विमलाचं, लग्न मोडायला कितीसा वेळ! खिशाचा भारही बरगडीला सोसेना, म्हणून बयाबाईनं आज पाकीट त्याच्या फेट्याच्या घडीत खोचलं होतं.

जोतीराम जागचे हलेनात. डावं कोपर अंगापासून लांब धरून ताठ उभे. 'काय हा ताठा!' बयाबाईच्या मनात आलं. केरबाही हलेना.

"उचला की पावणं! लाजताय व्हय?" बायका खिदळल्या.

केरबानं डोळे मिटून पाऊल टाकलं. जोतीरामांनीही टाकलं. अंगाला अंग लागलं मात्र, दोघंही चटका बसल्यागत मागं उडाले. केरबाचा फेटा डुगडुगला आणि पाकीट जोतीरामांच्या पायाशी पडलं.

हलगी थांबली. जोतीरामांनी वाकून पाकीट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. बयाबाईला ओठातलं देवीचं नावही आठवेना.

"कुणाची ही?"

"माझी," केरबा पुढं झाला. "नागीण झालती. ह्या उजव्या अंगाला. अजून जाळती. आईशपथ, फेफरं न्हाय."

जोतीराम बघतच राहिले. मग त्यांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते देवळातली घंटा दणाणावी तसे हसत सुटले. हसता हसता त्यांनी स्वतःच्या फेट्यात बोटं घातली आणि तसलंच पाकीट बाहेर ओढलं.

"वाजीव रं हलगी! पावण्यांची उजवी, आमची डावी. चांगल्या अंगानं गच्च भेटतो बघा आता!"