शाळेचं पत्र

“घरात कुणी वारलंय का?” हर्षित सरांनी विचारलं.

टेबलावर तर्री-पोह्याची प्लेट होती. सर खाता खाताच लॅपटॉप चालवत होते. कीबोर्डच्या एका बटणावर तर्रीचा लालसर डाग पडला होता, आणि दीप्तीची नजर राहून राहून तिथेच जात होती.

ती नाही म्हणाली. आजी-आजोबा तिच्या जन्माआधीच गेले होते. सरांनी मान हलवली. इतक्या जुन्या मरणांचा काही उपयोग नव्हता.

पासपोर्ट वेळेत आला नाही म्हणून दीप्तीला सॅटची प्रवेशपरीक्षा देता आली नव्हती. पण अमेरिकेतली बरीच कॉलेजं आता ती मागतच नाहीत, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. म्हणून हुडकेश्वरहून आईला घेऊन ती परदेशी कॉलेजांचे अर्ज करून देणाऱ्या सरांच्या धरमपेठेतल्या या ऑफिसात आली होती.

सरांनी समजावून सांगितलं. सॅटचे मार्क नसले की अर्ज वाचणारा माणूस गोष्ट शोधतो, आणि रडवणारी गोष्ट असली की फाइल वर सरकते. मग त्यांनी गेल्या वर्षीचे निबंध उघडून दाखवले. एकाचा भाऊ कन्हान नदीत बुडाला होता. एकीच्या वडिलांना कॅन्सर होता. त्या वडिलांना सर नावानिशी ओळखत होते. परवाच क्लबात दोघे बॅडमिंटन खेळले होते, हे त्यांनी हसत हसत सांगितलं.

“तुझी आई घे,” ते शेवटी म्हणाले. खुर्चीत बसलेल्या शामलाबाईंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. “दोन वर्षांपूर्वी गेली असं लिहू. घर तूच सांभाळते, सैपाक करून शाळेत जाते. कोण येतंय इथे तपासायला?”

दीप्तीने पुढचं ऐकलंच नाही. ती उठली, आईचा हात धरला आणि जिना उतरून थेट रस्त्यावर आली. उसाच्या रसाच्या गाडीपाशी ती थांबली.

“तू काहून चूप बसली होती वं आई?” तिने विचारलं. “तुले मारून टाकत होता तो.”

“मले काय झालं?” शामलाबाई म्हणाल्या. “बसली आहो न तुझ्यासमोर.”

घरी आल्यावर दीप्तीने बाबांना सगळं सांगितलं. प्रेमानंद एसटीत चालक होते, उमरेडच्या गाडीवर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आपल्या घरात खोटं चालत नाही, एवढंच ते बोलले आणि जेवायला बसले.

निबंध तिने स्वतः लिहिला. दीड वर्ष ती बाबांच्या गाडीच्या खिडकीच्या गजांना पांढऱ्या कापडाचे तुकडे बांधत आली होती. उमरेडची फेरी करून गाडी परतली की ते काढायचे, तारीख टाकायची, वहीत चिकटवायचे. वाटेवरच्या खाणींतल्या कोळशाची धूळ कोणत्या महिन्यात किती, हे त्या वहीत नुसतं डोळ्यांनी दिसत असे. तेच तिने लिहिलं. त्यात कुणी मेलं नव्हतं.

शाळेचं पत्र, म्हणजे विद्यार्थ्याची शिफारस, तेवढं बाकी होतं. ते शाळेनेच परस्पर पाठवायचं असतं, विद्यार्थ्याला दाखवत नाहीत. त्याची काळजी नव्हती. शामलाबाई दीप्तीच्याच शाळेच्या ऑफिसात एकोणीस वर्षं क्लार्क होत्या; शाळेची पत्रं त्याच टाइप करत, प्राचार्य फक्त सही करत. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पुढच्याच आठवड्यात गेलं.

मार्चअखेर निकाल आला. प्रवेश मिळाला होता, पूर्ण शिष्यवृत्तीसह. शेजारच्या शोभाताईंनी पेढे आणले. दीप्तीने तीन-तीनदा मेल वाचला आणि मग हर्षित सरांना एका ओळीचा निरोप पाठवला, की तिने खरं तेच लिहिलं होतं.  ती दोन दिवस घरभर गुणगुणत होती.

कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई व्हिडिओवर बोलणार होत्या, घरच्यांनाही बसवा असा त्यांचा निरोप होता. संध्याकाळी साडेसातला प्रेमानंद इस्त्रीचा शर्ट घालून दीप्तीशेजारी बसले. तिने आईला हाक मारली. मले इंग्रजी बोलता येत नाही, तुम्हीच बोला, असं म्हणत शामलाबाई दाराशीच उभ्या राहिल्या.

बाई प्रेमळ होत्या. आधी त्यांनी कापडाच्या तुकड्यांबद्दल विचारलं. दीप्ती पाच मिनिटं न अडखळता बोलली. तुझं हे काम आमच्या प्राध्यापकांनी वाचलं आणि तिथेच तुझी निवड झाली, असं बाई म्हणाल्या. दीप्तीला रडू आलं.



“आणखी एक सांगायचं होतं,” बाई हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या. “तुझ्या प्राचार्यांच्या पत्रातून आम्हाला कळलं. दोन वर्षांपूर्वी तुझी आई गेली, तेव्हापासून घर तूच सांभाळतेस. आणि निबंधात त्याचा एक शब्द नाही. दुःखाचं भांडवल न करण्याचा हा प्रामाणिकपणा आम्ही विसरणार नाही.”

प्रेमानंदांना यातलं काही कळलं नाही. ते हसून मान डोलवत राहिले.

दीप्तीने दाराकडे पाहिलं. कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला चिकटून आई उभी होती, आणि तिने लेकीपुढे हात जोडले होते.