रिकामी कणगी

१९९५ सालचा जून. अमेरिकेत, मिझुरीतल्या गव्हाच्या शेतात धडाम् आवाज झाला आणि बघ्यांनी टाळ्या पिटल्या. नागपूरहून लेकाकडे आलेल्या शेवंताबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. “काय उडवलं रे, अतुल?” “मिसाइलचा सायलो.” “मराठीत सांग.” “कणगीच समज. जमिनीत पुरलेली, धान्याऐवजी रॉकेट साठवायची. बटण दाबलं की अर्ध्या तासात रशिया बेचिराख! त्यांच्याकडेही अशाच. आता करार झालाय, दोघंही रिकाम्या करताहेत.” बाई आधी खुलल्या, मग एकदम चपापल्या. “अगं बाई, कणगी पार रिकामी ठेवू नये!” धूळ बसल्यावर लोक स्फोटाचा खड्डा बघायला काठाशी गेले, तेव्हा मूठभर ओंब्या खुडून त्यांनी तळहातावर चोळल्या, फुंकर मारली आणि दाणे खड्ड्यात भिरकावले. “आई, खड्डा उघडाच राहणार. रशियाचे उपग्रह वरून तपासतील, आत काय उरलंय ते!” शेवंताबाई आभाळाकडे बघून खळखळून हसल्या. “तपासू देत की. गहू आहेत म्हणावं, या जेवायला!”