पेल्यापलीकडची ओळ

"गढूळ आहे," एलाद्यो म्हणाला आणि पेला ओठांना न लावताच त्याने टेबलावर ठेवून दिला.

मिकाएलाने पेला पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. याच पेल्यासाठी ती उन्हात सायकल दामटत गावातून वडिलांच्या डोंगरावरच्या घरी आली होती. केस अजून घामाने कपाळाला चिकटलेले होते.

"नीट बघा ना, बाबा."

"नीटच बघितलं." त्याने पुन्हा पेला उचलला, मागे वर्तमानपत्र धरलं, खिडकीच्या उजेडाकडे वळून डोळे बारीक केले. "एक ओळ वाचता येत नाही. ओतताना तळाचं यीस्ट ढवळलंस तू."

"नाही ढवळलं."

"मग पेला नीट घासला नसशील."

एल बोल्सोनच्या खोऱ्यात घरोघरी बिअर बनते, पण एलाद्योच्या घरचा नियम फार कडक. पेल्यातून पलीकडची ओळ वाचता आली तर ती बिअर, नाहीतर थेट मोरीत. गढूळ पेला चाखायचासुद्धा नाही. गेल्या वर्षी हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, जत्रेत त्याने आपली सोनेरी बिअर ओतली, तेव्हा लोक चाखायचं विसरून नुसते बघत राहिले होते.

मिकाएला या कामात नवखी. पहिल्या खेपेला उकळीत गाळ खाली बसवणारं समुद्री शेवाळ घालायचंच विसरली आणि बिअर पिठाच्या पाण्यासारखी झाली. तेव्हा तिने निमूट बोलणी खाल्ली. दुसरी खेप तिच्या मते बरी होती, बाबांच्या मते नव्हती. या तिसऱ्या खेपेला मात्र तिने काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. शेवाळ घातलं, तांब्याच्या नळीतून ओढ्याचं पाणी फिरवून धान्याचा उकळता रस झटपट गार केला, चिमूटभर जिलेटिन विरघळवलं आणि पिंप थंडीत निवांत ठेवून दिलं. बाबा तेव्हा जवळच स्टुलावर मातेचा कडू चहा पीत बसले होते. "तापमान मोठ्याने वाच," म्हणून दर थोड्या वेळाने हुकूम सोडत होते. "शिकणाऱ्याने आकडा तोंडाने म्हणायचा, म्हणजे डोक्यात बसतो."

तिने एकूण एक आकडा म्हटला होता.

"उद्या फेर्मीन येतोय," एलाद्यो म्हणाला. "बिअरच्या शेडची चावी त्याला देणार."

फेर्मीन म्हणजे तिचा बारीलोचे शहरातला चुलतभाऊ, या आठवड्यात गावात येऊन उतरलेला. चकचकीत यंत्रं आणि त्याहून चकचकीत बोलणं. मिकाएलाने दवाखान्यातली नोकरी सोडली होती ती या शेडसाठी. शेड फेर्मीनकडे गेली, तर तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

"काल त्यालाच भेटायला गावात जाणार होतात ना? मी वाट बघितली तुमची."

"धुकं होतं. धुक्यात गाडी कोण उतरवणार?"

मनात आलं की जायचं, नाही आलं की धुकं. शेड पुतण्यालाच द्यायची असं यांनी आधीच ठरवलंय, मिकाएलाला वाटलं. आपली बिअर गढूळ नाही, यांचं मन गढूळ आहे. आणि तिला राग आला, इतका की कान तापले.

"बाबा, गार असली की बिअर थोडी धुरकट दिसते, तुम्हीच शिकवलंत. दुसरी बाटली आणते, जरा कोमट झालेली. ती शेवटची. मग बोलणार नाही."

"आण. पण रडारड नको."

ती शेडमध्ये गेली. आपल्या बाटल्यांना तिने हातच लावला नाही. जिन्याखालच्या खोक्यात बाबांनी जत्रेतली स्वतःची एकच बाटली जपून ठेवली होती, ती तिने काढली. लेबल खरवडलं आणि बाटली फडक्याने पुसली.

परत आल्यावर पेला तिरपा धरून तिने सावकाश ओतलं. तळाचा गाळ बाटलीतच राहू दिला. सोनं उतरावं तशी बिअर पेल्यात उतरली. आता बाबा 'नितळ' म्हणाले, तर आपली खरंच गढूळ, मग शेडवर पाणी सोडायचं. आणि गढूळ म्हणाले तर...

एलाद्योने पेला डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. वर्तमानपत्र मागे धरलं. खोलीत फक्त चुलीवरच्या किटलीचा आवाज होता.

"ही तर आधीच्याहून गढूळ," तो म्हणाला. "फेकून दे."

"चाखा."

"गढूळ बिअर मी..."

"चाखा, बाबा!"

तिचा आवाज असा त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने घोट घेतला. जिभेवर घोळवला. मग त्याचा हात पेल्यासकट तसाच राहिला.

"ही माझी आहे," तो हळूच म्हणाला.

"तुमचीच. जत्रेतली." मिकाएलाने दोन्ही पेले शेजारी ठेवून मागे वर्तमानपत्र उभं केलं आणि धडाधड वाचत गेली. फुटबॉलचा निकाल, गव्हाचा भाव, मेलेल्या माणसांची नावं. "दोन्हींतून सगळं दिसतंय. तीन महिने मला उगाच झुलवलंत. सरळ सांगायचं ना, की शेड मुलीला द्यायची नाही म्हणून!"

एलाद्यो पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने गळ्यातली दोरी काढली आणि तिला बांधलेली चावी मिकाएलाच्या तळहातावर ठेवली.

"घे. जिंकलीस."

मिकाएलाला हसावं की रडावं कळेना. तिने चावी मुठीत दाबून धरली. ऐन लढाईत समोरच्याने तलवार खाली ठेवावी, तसं तिला झालं होतं.

"मग आत्ताच गावात जाऊ या," ती म्हणाली. "फेर्मीनला फोनवर नको, सगळ्यांसमोर सांगा. गाडी काढा."

"जाऊ." एलाद्यो खिडकीपाशी गेला. बाहीने त्याने काच पुसली, वाकून बाहेर पाहिलं, पुन्हा पुसली. "पण जरा थांब, पोरी. एवढं धुकं ओसरू दे."

त्याच्या खांद्यावरून मिकाएलाने बाहेर पाहिलं. भर दुपारच्या उन्हात पलीकडच्या पिल्त्रिकित्रोन डोंगराचा एकेक कडा लख्ख दिसत होता.