मोठी अक्षरं

वर्गातले ई-रीडर मुलं वाचायला घरी न्यायची आणि सकाळी परत आणून बाईंच्या टेबलावर ठेवायची. चिमणीचा ई-रीडर उघडला की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. अक्षरं ही एवढाली! दर आठवड्याला आणखी मोठी. शेवटी शेवटी तर अख्ख्या पानावर जेमतेम चार शब्द मावायला लागले.

बाईंनी तिचे डोळे तपासून घेतले, तर ते ठणठणीत.

"खेळणं वाटलं का गं तुला हे?" बाई रागवायच्या आणि अक्षरं पुन्हा लहान करून द्यायच्या. चिमणी मान खाली घालून उभी राहायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या सोमवारी मात्र बाईंनी ई-रीडर उघडला, तर अक्षरं होती तशी, लहानच्या लहान. वर, एरवी ओळीओळीला अडखळणारी चिमणी वर्गासमोर उभी राहून अख्खी गोष्ट घडाघडा वाचून गेली.

बाई हरखल्या. तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, "शाबास! इतके दिवस कानीकपाळी ओरडत होते, ते अखेर ऐकलंस म्हणायचं!"

"मी नव्हते करत मोठी, बाई. बाबा करायचे. रोज संध्याकाळी मला गोष्ट वाचून दाखवायचे ना."

"मग आता नाही का करत?"



"आता त्यांना मोठीसुद्धा दिसत नाहीत. मीच त्यांना वाचून दाखवते."