मौ मिस्त्रीची खूण

"टाकीवर काय लिहिलंय ते वाचूच नकोस. टाकी खोटं बोलते," असं म्हणत मौ मिस्त्री गाडीखाली उताणा झाला.

रान ह्वेई कमरेवर हात ठेवून उभी होती. मोटरसायकल उंच, शिडशिडीत, जाड खाचांच्या टायरची. डांबरावर चालेल आणि डोंगरातल्या चिखलातही. लाल टाकीवर परदेशी अक्षरांत 'व्हेन्तारो' लिहिलेलं. हे नाव अख्ख्या चोंगचिंगमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

"कारखान्याच्या गेटवर हसले मला," ती म्हणाली. "म्हणे, ताई, ही गल्लीतली नक्कल, आमची नाहीच. नवऱ्यानं दोन आठवडे चालवली. वळणावर हँडल ढिलं होऊन खाली गेला. आता दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय कापायचा म्हणतात. आणि हे हसतात!"

"फ्रेमवरचा नंबर दाखवलास?"

"दाखवला. म्हणे, नंबर कुणीही कोरतं."

"ते खरंय."

"काका, तुम्ही त्यांच्या बाजूचे का?"

मौ बाहेर सरकला आणि त्यानं फ्रेमच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "सव्वीस वर्षं होतो तिथं. गेल्या थंडीत निवृत्त झालो. हा सांधा आमच्या तिसऱ्या लाइनचा. गाडी एक, नावं पन्नास. ज्या देशात जायची तिथलं स्टिकर. ही परदेशी पाठवायच्या मालातली उरलेली. मागच्या शरदातली असेल."

"मग चला, सांगा त्यांना!"

"माझ्या अंगठ्याचं कोण ऐकतंय? ते खूण मागतील."

कारखान्यात बाकीचे नट मशीन आवळायचं. हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटचा नट तेवढा हातानं आवळायचे, आणि आवळणारा त्यावर हिरव्या रंगानं स्वतःची खूण करायचा. कुणाचा ठिपका, कुणाचं फूल. नकला करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, म्हणून कारखाना ती एकच गोष्ट मानायचा.

"मग उघडा की!"

मौनं फळीवरून कारखान्यातला जुना पत्र्याचा डबा काढला. बिल्ला, सटरफटर सामान बाजूला सारून पाना शोधला आणि हँडलवरचं झाकण सोडवलं. वाकून बराच वेळ बघितलं. मग झाकण परत बसवलं.

"आहे?"

"त्यांच्या माणसाला बोलाव. त्याच्यासमोरच उघडू, नाहीतर म्हणतील आपणच केली. तोवर नूडल्स घेऊन ये. माझ्यात तिखट जास्त."

"खूण नसली तर?"

"तिखट जास्त," मौ पुन्हा म्हणाला.

दगडी पायऱ्या चढून, रांगेत उभी राहून ती दोन वाडगे घेऊन आली, तेव्हा मौ रॉकेलमध्ये हात धूत होता. नखं पुन्हा पुन्हा घासत होता.

"एवढं काय लागलंय?"

"ग्रीस. चाकाची रिम सरळ केली, पुढचा चिमटाही सरळ केला. ब्रेकही धरतोय. कोनसेट तेवढा तसाच ठेवलाय, त्यांना दाखवायला."

कारखान्याचा इंजिनिअर शियांग तासाभरानं आला. कधीकाळी पाना धरायला तो मौच्याच हाताखाली शिकला होता.

"काका, अजून ग्रीसमध्येच?"

"तू बाहेर पडलास ना, म्हणून एवढा पांढरा दिसतोस."

शियांग हसला, मग रान ह्वेईकडे वळला. "ताई, स्पष्ट सांगतो. खूण नसेल तर गाडी आमची नाही. खुणेशिवाय आमची गाडी गेटबाहेर पडतच नाही."

"पडत नाही?" मौनं विचारलं. "महिनाअखेरीच्या घाईतसुद्धा?"

शियांगनं खिशातून टॉर्च काढला. "उघडा," तो म्हणाला.

झाकण निघालं. शियांगनं फुंकर मारून धूळ उडवली, टॉर्च धरला. नट बोटानंही फिरत होता. त्यावर माशाच्या शेपटीसारख्या दोन हिरव्या रेघा होत्या.

"काका," तो हळूच म्हणाला, "ही तर तुमची."

रान ह्वेईनं वाडगा खाली ठेवला.

"माझीच," मौ म्हणाला.

"पण नट ढिला आहे. म्हणजे तुम्ही..."

"न आवळताच रंग लावला. लिही."

"गेटवर तुमचा फोटो आहे. 'सव्वीस वर्षांत एक नट ढिला नाही.' तो काढावा लागेल मला."

"स्क्रू गंजलेत. आधी तेल सोड."

"विचार करा. मी म्हणतो, मला काही दिसलंच नाही."

"शियांग, गाडी कुणाची?"

शियांगनं टॉर्च विझवला. "आमची."

"मोठ्यानं. ताईला ऐकू येऊ दे."

"आमची!"

"तेही लिही. पायाचं ऑपरेशन कारखाना करणार, तेही. आणि खाली शिक्का."

शियांगनं लिहिलं. खाली शिक्का मारला.

रान ह्वेईनं कागद हिसकावून घेतला. "काका म्हणत होते मी तुम्हाला! त्याचा पाय तुम्ही मोडलात, आणि माझ्याच हातून तिखट मागवून खाल्लंत?"

"कागद कोरडा ठेव," मौ म्हणाला. "शाई ओली आहे."

ती गाडी ढकलत शियांगच्या मागे निघून गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

मौनं उरलेल्या नूडल्स संपवल्या. त्या गार होऊन चिकटल्या होत्या. मग चिंधीखालून हिरव्या रंगाची छोटी बाटली काढली, बूच घट्ट लावलं आणि बिल्ल्याशेजारी डब्यात ठेवून दिली.

सकाळी त्यानं हँडलवरचं झाकण पहिल्यांदा काढलं, तेव्हा त्या नटावर कुणाचीच खूण नव्हती.